दुर्मिळतेचा बाजारभाव

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न ऐरणीवर असताना समाजवादी कार्यकर्त्याने कासवांची चिंता का वाहावी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. वन्यप्राण्यांविषयीची कळकळ म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद, अशी समजूत आपल्या चळवळीत खोल रुजली आहे. या समजुतीला कारणेही आहेत. अभयारण्याच्या नावाखाली या देशात आदिवासींना त्यांच्या वस्त्यांतून हुसकावण्यात आले. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईवर खटले भरले गेले. आणि त्याच जंगलाच्या कडेला श्रीमंतांची विश्रामगृहे उभी राहिली. हे ज्याने पाहिले आहे त्याला वन्यजीवांच्या नावाने गळा काढणाऱ्यांचा संशय यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु प्रतिपक्षाने एखादा प्रश्न चुकीच्या रीतीने हाताळला म्हणून तो प्रश्नच खोटा ठरत नाही. उलट, तो त्याच्या हाती सोडून देणे ही आपली राजकीय शरणागती ठरते.

या लेखाचे प्रतिपाद्य सरळ आहे. जमिनीवर राहणारी कासवे आज ज्या वेगाने नाहीशी होत आहेत, त्याचे मूळ गरिबाच्या भुकेत शोधणे व्यर्थ आहे. ते बाजारात आहे. ज्या व्यवस्थेने माणसाच्या श्रमाला क्रयवस्तू बनवले, त्याच व्यवस्थेने एका मुक्या, मंद जीवाला क्रयवस्तू बनवले आहे. आणि या दुसऱ्या व्यवहारात तर मालाची टंचाई जितकी वाढेल तितका नफा वाढतो. तेव्हा कासव वाचवण्याचा प्रश्न हा अर्थव्यवस्थेचा, म्हणजे आपला, प्रश्न आहे. हे सिद्ध करण्यासाठी एकाच प्राण्याचा इतिहास पुरेसा आहे.

एका उपसागराकाठचा जीव

आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरात मादागास्कर हे मोठे बेट आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर, सोआलाला या गावाच्या परिसरात, बाली नावाचा उपसागर आहे. या उपसागराभोवतीच्या बांबूच्या खुरट्या बनांत आणि कोरड्या झुडुपांत एक भूकासव राहते. जगात अन्यत्र कोठेही ते निसर्गतः आढळत नाही. तेथील भाषेत त्याला ‘आंगोनोका’ म्हणतात. त्याचे कवच घुमटासारखे उंच आणि सोनेरी-तपकिरी रंगाचे असते. पोटाकडच्या कवचाचा पुढचा भाग दोन पायांमधून नांगराच्या फाळासारखा बाहेर आलेला असतो, आणि नर परस्परांना उलथवण्यासाठी तो वापरतात. म्हणून आपण त्याला ‘नांगरफाळ्या’ म्हणण्यास हरकत नाही. हा जीव वयात यायला पंधरा ते वीस वर्षे लागतात. मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते, आणि त्यांतील कित्येक पिले कवच टणक होण्यापूर्वीच रानडुकरांच्या किंवा अन्य श्वापदांच्या तोंडी जातात.

या भागातील साकालावा समाजात कासवाचे मांस निषिद्ध मानले जाते. काही गावांत तर कोंबड्यांच्या खुराड्याजवळ कासव ठेवले की कोंबड्यांवर रोग येत नाही, अशी समजूत होती. म्हणजे तेथील माणूस या प्राण्याचा वैरी नव्हता. गुरांसाठी ताजे गवत उगवावे म्हणून लावलेले वणवे पसरत आणि त्यांत कासवे होरपळत, हे खरे. पण पुढे वणवा रोखणारे पट्टे काढण्याच्या कामी याच गावचे लोक उभे राहिले, हेही तितकेच खरे.

१९७५ पासून, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार अमलात आला तेव्हापासून, या कासवाचा व्यापारी क्रयविक्रय जगभर निषिद्ध आहे. १९८६ मध्ये जेराल्ड डरेल या लेखकाने जर्सी बेटावर स्थापन केलेल्या संस्थेने मादागास्करच्या शासनाच्या सहकार्याने अंपिजुरुआ येथे या कासवाचे पैदास-केंद्र उभारले. १९९७ मध्ये बाली उपसागराचा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. कायदा झाला, पैदास झाली, उद्यान झाले. रूढ अर्थाने संरक्षणाचे जे जे उपाय सांगितले जातात, ते बहुतेक सर्व येथे झाले.

आणि तरीही काय घडले? १९९६ च्या मे महिन्यात पैदास-केंद्रातूनच ७३ पिले आणि २ पूर्ण वाढलेल्या माद्या चोरीस गेल्या. दहा वर्षांच्या कष्टाचे फळ एका झटक्यात बाजारात गेले. त्यांतील काही पिले पुढे नेदरलँड्समध्ये आढळली. २०१३ च्या मार्चमध्ये बँकॉकच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून उचलल्या जाणाऱ्या एका बॅगेत ५४ नांगरफाळी कासवे आणि मादागास्करचीच दुसऱ्या जातीची २१ कासवे सापडली. त्या वेळी रानात जितकी नांगरफाळी कासवे उरल्याचा अंदाज होता, त्याच्या दशांशाहून अधिक कासवे त्या एका बॅगेत होती. एखाद्या जातीचा दहावा हिस्सा एका प्रवाशाच्या सामानात मावतो, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे.

व्याजाचा दर आणि कासवाची चाल

हे असे का घडते, याचे उत्तर प्राणिशास्त्रात मिळत नाही. ते अर्थशास्त्रात आहे, आणि ते बाजारवादी अर्थशास्त्राच्याच गणितातून निघते, हे विशेष.

१९७३ मध्ये कॉलिन क्लार्क या कॅनडातील गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. देवमाशांच्या शिकारीचा त्याचा अभ्यास होता. प्रश्न असा की, एखाद्या प्राण्याच्या संपूर्ण साठ्यावर एकाच मालकाची अनिर्बंध मालकी असेल तर तो मालक स्वतःच्या हितासाठी तरी तो साठा जपेल काय? ‘सामायिक मालकीमुळे नाश होतो, खासगी मालकी दिली की जपणूक होते’ हा तर भांडवलशाहीच्या पुरोहितांचा आवडता मंत्र. क्लार्कने दाखवून दिले की हा मंत्र खोटा आहे. प्राण्याची नैसर्गिक वाढ व्याजाच्या दरापेक्षा पुरेशी मंद असेल आणि शेवटचा प्राणी पकडणेही फायद्याचे असेल, तर एकमेव मालकालासुद्धा सगळा साठा आजच विकून पैसा व्याजी लावणे अधिक लाभदायक ठरते. त्यात मूर्खपणा नसतो, अज्ञानही नसते. जातीचा संपूर्ण नाश हा येथे नफ्याच्या हिशोबातील सर्वांत ‘विवेकी’ निर्णय असतो!

हा हिशोब आपल्या कासवाला लावून पाहा. शेकडा आठ दराने ठेवलेले शंभर रुपये वीस वर्षांत चक्रवाढीने चारशे सहासष्ट होतात. तेवढ्या काळात कासवाचे पिलू नुकते कोठे अंडी घालण्याच्या वयात येते. कासव आणि सशाच्या शर्यतीत कासव जिंकल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. व्याजाशी लावलेल्या शर्यतीत मात्र कासव कधीच जिंकू शकत नाही. जो जो जीव सावकाश वाढतो, जी जी वनस्पती शतकाने मोठी होते, तिला भांडवल आपल्या स्वभावानेच गिळंकृत करणार. त्यासाठी भांडवलदार दुष्ट असण्याची गरज नाही. त्याने फक्त हिशोब नीट करणे पुरेसे आहे.

याच्यापुढची पायरी अधिक भयंकर आहे. सामान्य वस्तूंच्या बाजारात भाव वाढला की मागणी घटते, असे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. पण जी वस्तू केवळ दुर्मिळ म्हणूनच हवी असते, तिच्या बाबतीत हा नियम उलटा चालतो. फ्रान्सच्या फ्रांक कूरशां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याची मांडणी केली. प्राणी जितका कमी होतो तितका त्याचा भाव चढतो; भाव चढला म्हणून उरलेला प्राणी शोधून काढण्याचा वाढता खर्चही परवडतो; त्यामुळे प्राणी आणखी कमी होतो; आणि म्हणून त्याचा भाव आणखी चढतो. नांगरफाळ्या कासव हे या चक्राचे मूर्तिमंत उदाहरण आहे. ज्या कासवाला सोआलालाच्या बाजारात काही किंमत नव्हती, त्याला परदेशातील संग्राहक हजारो डॉलर मोजतो. तो त्याला खात नाही, त्याच्याकडून काम करून घेत नाही, त्याच्या अंड्यांवर त्याचा उदरनिर्वाह नाही. ‘जगात उरलेल्या थोड्यांपैकी एक माझ्याकडे आहे’ एवढेच त्याचे समाधान. उपयोगमूल्याचा मागमूस नसलेले हे निखळ विनिमयमूल्य आहे. आणि ज्या दिवशी शेवटचे कासव कोणाच्या तरी काचेच्या पेटीत बंद होईल, त्या दिवशी त्याचा भाव परमोच्च असेल.

‘व्यापार खुला करा’ म्हणणाऱ्यांस

यावर मुक्त बाजारपेठेच्या समर्थकांचे ठरलेले उत्तर आहे. ते म्हणतात, बंदीमुळेच काळाबाजार होतो. कासवांची शेती करू द्या, कायदेशीर विक्री करू द्या, पुरवठा वाढला की भाव पडेल आणि चोरी आपोआप थांबेल. हा युक्तिवाद ऐकायला चटपटीत आहे, पण हिशोबाला तो टिकत नाही.

पहिली गोष्ट अशी की, जो प्राणी वाढायला वीस वर्षे लागतात त्याला पाळून, खाऊ घालून विकण्यापेक्षा रानातून उचलून आणणे नेहमीच स्वस्त पडणार. रानातल्या वीस वर्षांचा खर्च निसर्गाने केलेला असतो. चोराला तो फुकट मिळतो. दुसरी गोष्ट, कायदेशीर व्यापार हा बेकायदेशीर मालाला दाखला मिळवून देणारा दरवाजा बनतो. आपल्याच देशातील तारांकित कासवाचे उदाहरण घ्या. २०१९ पर्यंत ते आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात होते. पैदास-केंद्रात जन्मल्याचा दाखला जोडला की त्याचा व्यापार करता येई. रानातून पकडलेले कासव आणि केंद्रात जन्मलेले कासव यांतील फरक विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कसा ओळखायचा? ही पळवाट बुजवण्यासाठीच २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत भारताने, श्रीलंका, बांगलादेश आणि सेनेगल यांच्यासह, हे कासव पहिल्या परिशिष्टात नेण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला.

तिसरी गोष्ट अशी की, ग्राहक देशांनी आपापले कायदे दीर्घकाळ सोयीस्कररीत्या सैल ठेवले. थायलंडचा जुना कायदा मुख्यतः देशी प्राण्यांपुरताच होता. परदेशातून चोरून आणलेले कासव एकदा सीमा ओलांडून आत आले की त्याच्या विक्रेत्याला हात लावणे अवघड होई. ही त्रुटी दूर करणारा कायदा २०१९ मध्ये आला. तोवर किती कासवे विकली गेली असतील याची कल्पना केलेली बरी. बाजार ‘मुक्त’ असतो तो असा: एका देशातील गरिबी आणि दुसऱ्या देशातील कायद्याची भगदाडे यांमधून तो मुक्तपणे वाहतो.

कोरलेली पाठ

या अंधारात एक उपाय मात्र असा आहे की, ज्याचे मर्म समाजवाद्यांनी समजून घ्यावे. संरक्षणाचे काम करणाऱ्यांनी नांगरफाळ्या कासवांच्या पाठीवर ठळक अक्षरे आणि आकडे कोरण्यास सुरुवात केली. रानात सोडावयाच्या आणि केंद्रांत ठेवलेल्या, अशा दोन्ही कासवांवर त्या खुणा कोरल्या गेल्या. त्या सुंदर सोनेरी घुमटावर आयुष्यभर न पुसला जाणारा डाग पडला. संग्राहकाला निष्कलंक कवच हवे असते. कोरलेले कासव त्याच्या दृष्टीने नासलेला माल, शिवाय चोरीची खूण जन्मभर पाठीवर वागवणारा.

या कृतीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कासवाला त्या आकड्यांनी काही कमी पडत नाही. ते चरते, भांडते, अंडी घालते. त्याचे जगणे जसेच्या तसे राहते; नष्ट होते ते फक्त त्याचे विनिमयमूल्य. जीव तसाच राखून त्याच्यातली क्रयवस्तू मारून टाकण्याचा हा प्रयत्न आहे. कायद्याने बाजाराला बाहेरून कुंपण घातले, पण कुंपणाआडच्या मालाचा भाव त्यामुळे उलट चढला. या उपायाने मात्र घाव थेट भावावरच घातला.

अर्थात या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. २०१३ नंतरही तस्करी थांबली नाही. रानातल्या प्रत्येक कासवापर्यंत कोरणारा हात पोहोचण्याआधी पकडणारा हात पोहोचतो. आणि पकडणारा हात कोणाचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

पकडणारा हात आणि मोजणारा हात

मादागास्कर १८९६ पासून फ्रान्सची वसाहत होती. १९४७ चा उठाव निर्दयपणे चिरडला गेला. १९६० मध्ये स्वातंत्र्य आले. १९७५ नंतरच्या राजवटीने समाजवादाची घोषणा केली खरी, पण १९८० पासून तीच राजवट आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभी राहिली, आणि कर्जाबरोबर आलेल्या अटींनी सार्वजनिक खर्चाला कात्री लागली. १९८९ मध्ये कर्जाच्या बदल्यात निसर्गसंरक्षण, असा सौदाही या देशाशी झाला. ज्यांनी कर्जाने हात बांधले तेच आता जंगल कसे राखावे हे सांगू लागले. २००८ मध्ये दक्षिण कोरियातील एका बड्या उद्योगसमूहाला सुमारे १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्याचा बेत उघड झाला. देशभर संताप उसळला, आणि २००९ मध्ये सरकार उलथण्यास जी कारणे घडली त्यांत हे एक महत्त्वाचे होते. त्यानंतरच्या अस्थिर वर्षांत परदेशी मदत आटली, शासनाचा अंमल ढिला पडला, किमती लाकडाची लूट माजली आणि कासवांची तस्करीही फोफावली. जागतिक बँकेच्याच हिशोबाने या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक दारिद्र्यरेषेखाली जगतात.

अशा देशातील एखादा गुराखी किंवा कोळी कासव उचलून दलालाच्या हाती देतो. त्याला जे मिळते ते बँकॉकच्या भावाचा नगण्य अंश असते. दलाल, वाहक, लाच घेणारा अधिकारी, परदेशी व्यापारी, संग्राहक या साखळीत प्रत्येक कडीला भाव वाढतो आणि धोका मात्र सगळ्यांत खालच्या कडीच्या वाट्याला येतो. आपल्या कांदा-उत्पादकाला, आपल्या कोळ्याला, आपल्या तेंदूपाने गोळा करणाऱ्या आदिवासीला ही साखळी अनोळखी नाही. येथे माल तेवढा वेगळा आहे.

आपल्या अंगणात

हे सर्व दूरच्या बेटावरचे म्हणून सोडून देण्याची मुभा आपल्याला नाही. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात आणि आंध्र, कर्नाटक व तामिळनाडूच्या खुरट्या रानांत आपले तारांकित कासव राहते. काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे कासव नांगरफाळ्याइतके दुर्मिळ झालेले नाही, पण असुरक्षित जातींत त्याची गणना होते आणि वाट तीच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतातील एकाच व्यापारकेंद्राशी निगडित अशी किमान ५५,००० तारांकित कासवे एका वर्षात रानातून उचलली गेली. शेतमजूर, मेंढपाळ आणि फिरत्या जमातींची माणसे ती गोळा करतात. विमानतळांवर ती पिशव्यांत, मोज्यांत गुंडाळलेली सापडतात.

आणि मागणी फक्त परदेशात आहे असे नाही. आपल्या देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. इंद्रिये आवरून मग देवापुढे जावे, हा त्याचा अर्थ आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता. आज शहरातला मध्यमवर्ग वास्तुशास्त्राच्या नावाने जिवंत कासव काचेच्या पेटीत ठेवतो, का तर घरात लक्ष्मी टिकावी! संयमाचे प्रतीक संपत्तीच्या हव्यासाचे साधन व्हावे, यापरते आपल्या काळाचे निदान ते कोणते?

शासनाने काय केले? २०२२ च्या दुरुस्तीने तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. शिक्षा कडक झाली. हे योग्यच झाले. पण त्याच शासनाने २०२० मध्ये विदेशी दुर्मिळ प्राणी बाळगणाऱ्यांना एक सवलत देऊ केली होती. सहा महिन्यांत स्वेच्छेने नोंद करा, प्राणी कोठून आणला याची कागदपत्रे मागितली जाणार नाहीत! काळा पैसा बाळगणाऱ्यांसाठी १९९७ मध्ये जी स्वेच्छा-प्रकटीकरण योजना आली होती, तिचीच ही प्राणिसृष्टीतील आवृत्ती. मादागास्करहून चोरलेले कासव ज्याच्या दिवाणखान्यात आहे त्याला माफी, आणि माळावरून तारांकित कासव उचलणाऱ्या भटक्याला किमान तीन वर्षांची कैद, असा हा न्याय आहे. कायदा सर्वांना समान असतो असे पुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो पकडणाऱ्या हाताला बेडी घालतो आणि पैसे मोजणाऱ्या हाताशी हस्तांदोलन करतो.

जप्त केलेल्या कासवांचे पुढे काय होते, हाही प्रश्नच आहे. वायव्येकडचे आणि दक्षिणेकडचे तारांकित कासव आनुवंशिकदृष्ट्या वेगळे असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. कोणते कोठले हे न पाहता ती हवी तेथे सोडून देता येत नाहीत. म्हणजे एकदा उचललेले कासव सुटले तरी बहुधा घरी पोहोचत नाही. तेव्हा ते उचललेच जाऊ नये, हाच खरा उपाय.

आपली भूमिका

कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, अशी कल्पना आपल्या संतवाङ्मयात आहे. प्राणिशास्त्राला ती मान्य नाही. पण संरक्षणाच्या राजकारणाला ती तंतोतंत लागू पडते. रानातल्या जीवावर चोवीस तास नजर असते ती तेथे राहणाऱ्या माणसाची. राजधानीतून येणारा पहारेकरी आठवड्याने फेरी मारतो. ती स्थानिक नजर शत्रूची करायची की पालकाची, हे धोरणाने ठरते.

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी पूर्वी खाण्यासाठी आणि विक्रीसाठी नेली जात. २००२ पासून एका स्थानिक संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरट्यांच्या राखणीचे काम सुरू केले, आणि ज्या हातांनी अंडी उकरली त्याच गावचे हात पिले समुद्रात सोडू लागले. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. जंगल राखण्याचा निर्णय ग्रामसभेचा झाला. २००६ चा हा कायदा ग्रामसभेला वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकारही देतो, हे कितीशा वनाधिकाऱ्यांना आठवते?

तेव्हा समाजवाद्यांच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, वन्यजीवांची तस्करी हा आर्थिक गुन्हा मानून तपास वरच्या दिशेने जावा: पैसा पुरवणारा कोण, विकत घेणारा कोण, त्याची मालमत्ता किती. माळावरच्या वेचणाऱ्यावर खटला भरून प्रकरण मिटवण्याची रीत बंद व्हावी. दुसरी, विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांच्या नोंदींची सार्वजनिक छाननी व्हावी आणि पुन्हा माफीची योजना नको. तिसरी, ज्या माळरानांना आणि झुडपी जमिनींना महसूल खाते इंग्रजांच्या काळापासून ‘पडीक’ म्हणत आले, त्या कंपन्यांना आंदण देणे थांबावे. जेथे गुरे चरतात आणि कासवे राहतात ती जमीन पडीक नसते. ती फक्त कोणाच्या ताळेबंदात नसते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, या जमिनींवर ग्रामसभेचा हक्क आणि भूमिहीनांना राखणीचे, पुनर्वसनाचे पगारी काम. ज्याच्या घरी वर्षभराची भाकरी निश्चित आहे, तो दलालाच्या शंभर रुपयांसाठी तुरुंगाचा धोका पत्करणार नाही.

‘आधी माणूस, मग कासव’ असे म्हणणाऱ्या मित्रांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, या प्रश्नात माणूस आणि कासव परस्परांविरुद्ध उभेच नाहीत. सोआलालाचा गुराखी आणि त्याच्या बनातले कासव या दोघांनाही एकाच ठिकाणाहून भाव सांगितला जातो: एकाला कवडीमोल, दुसऱ्याला लाखमोल. दोन्ही भाव ठरवणारा एकच आहे, आणि दोघांच्याही नाशावर त्याचा नफा उभा आहे. जगातील प्रत्येक गोष्टीला किंमत असलीच पाहिजे, हे ज्यांचे तत्त्वज्ञान आहे त्यांच्याशी आपले भांडण जुने आहे. काही गोष्टी विकाऊ नसतात, हे आपण श्रमिकाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलताना छातीठोकपणे सांगत आलो. तेच आता माळावरच्या मुक्या जीवाबद्दलही सांगावे लागेल. जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील गायराने, माळराने आणि त्यांवर जगणारी माणसे व प्राणी यांची एकत्र नोंद करण्यापासून या कामाला आरंभ करावा. हे काम केवळ पर्यावरणवाद्यांचे म्हणून त्यांच्यावर सोपवता येणार नाही. कारण बाजाराशी लढण्याची परंपरा आपली आहे.